मोटर लागली की उतरणारा सूर

आमच्या इमारतीत पाणी वर चढवायची मोटर सकाळी दहाच्या सुमारास लागायची, आणि ती लागली की घरातले दिवे, पंखे, सगळंच जरा मंद व्हायचं. कसबा पेठेत याचं कुणाला काही वाटत नसे. पंखा हळू झाला की बायका बादल्या घेऊन उठायच्या, एवढाच त्याचा अर्थ. मला आणि माझ्या मित्राला मात्र त्या मोटरचं फार कौतुक होतं, कारण ती लागली की आमच्या डब्याचा सूर उतरायचा.

डबा म्हणजे आमचा सिंथेसायझर, विजेतून थेट आवाज काढणारं यंत्र. नाव भारदस्त असलं तरी दिसायला तो डबाच होता. त्याचा अर्धा भाग एका ऑर्केस्ट्रातल्या वादकाकडून आला होता. गणपतीत आणि लग्नांत वाजवणारा तो माणूस नवा कीबोर्ड घेऊन बसला होता आणि जुनं धूड घरातून कधी जातंय याची वाट पाहत होता. उरलेला अर्धा आम्ही बुधवार पेठेतून सुटे भाग आणून, चुका करत, बोटं भाजून घेत जोडला आणि सगळं एका प्लायवूडच्या पेटीत बसवलं. पुढच्या बाजूला नॉबच्या रांगा आणि त्यांच्यामधून लोंबणाऱ्या रंगीत वायरी. वादकाच्या नव्या कीबोर्डात आवाज तयार होते, एक बटण दाबलं की व्हायोलिन, दुसरं दाबलं की सनई. आमच्या डब्यात एकही आवाज तयार नव्हता. प्रत्येक आवाज नॉब फिरवत, वायरी इकडच्या तिकडे खोचत शोधावा लागायचा, आणि सापडला तरी साठवायची सोय नव्हती. कुठला नॉब किती वळला आहे आणि कुठली वायर कुठे खोचली आहे, एवढाच त्या आवाजाचा पत्ता. एक नॉब जरा हलला की तो आवाज गेला.

मित्र आणि मी एकाच कंपनीत शेजारी शेजारी बसायचो. ‘आयटीत आहे’ म्हटलं की त्या दिवसांत नातेवाइकांचा चेहरा बदलायचा. आधी ज्यांनी कधी विचारलं नाही ते आपल्या भाचीची पत्रिका घेऊन यायचे. प्रत्यक्षात आम्ही दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचो. सन दोन हजार उजाडलं की सगळ्या जगाचे कॉम्प्युटर गोंधळणार, या भीतीवर आमच्यासारख्या कितीतरी पोरांचं बस्तान बसलं होतं. दिवसभर वेगवेगळ्या तारखा टाकायच्या, प्रोग्रॅम कुठे अडखळतो ते पाहायचं आणि अडखळला की वर कळवायचं. मित्राला ते अडखळणंच आवडायचं. लहानपणी त्याच्याकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. त्याची कॅसेट नीट बसली नाही की चित्र फाटायचं आणि संगीत एकाच जागी अडकून तुटक तुटक वाजत राहायचं. बाकीची पोरं कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची आणि परत लावायची. हा तशीच ठेवून ऐकत बसायचा.

आम्हाला करायचं होतं ते संगीत असलंच. व्हिडिओ गेमसारखे किनरे, कडा असलेले आवाज, आणि त्यांना मध्येच ठेच लागलेली. पुण्यात दर दुसऱ्या घरात कुणीतरी कुणाचा तरी शिष्य असतो. अशा गावात आम्ही असलं काही करतो हे सांगायची सोयच नव्हती. एकदा एका गाणं शिकणाऱ्या सहकाऱ्याला आम्ही ऐकवलं. त्याने शांतपणे शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, की हे सुरू कधी होतं.

माझे बाबा त्याहून स्पष्ट होते. ते पिंपरीच्या एका कारखान्यात आयुष्यभर लेथवर होते. बाहेरच्या कंपन्या आल्या, नवीन मशीन आली, आणि बाबांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचा कागद ठेवण्यात आला. स्वेच्छा कारखान्याची होती, निवृत्ती बाबांची. तेव्हापासून ते घरी होते आणि घरातली प्रत्येक गोष्ट, बिजागरीपासून कुकरच्या शिट्टीपर्यंत, पुन्हा पुन्हा दुरुस्त करत होते. आमचा डबा वाजायला लागला की ते वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत जायचे. जाताना एकदा म्हणाले होते, की टेलिफोनची लाईन खराब झाली की असाच आवाज येतो, पण टेलिफोनवाले ती दुरुस्त करून देतात.

मित्र विश्रांतवाडीला राहायचा, तो आणि त्याची आई, दोघंच. वडील तो लहान असतानाच गेले होते. आई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, त्या निवृत्त झाल्या त्याच वर्षी याला नोकरी लागली. त्यांचं घर आमच्यापेक्षा मोठं होतं, स्वतंत्र खोली होती, गॅलरीत उभं राहून नाक मुरडणारं कुणी नव्हतं. तरी डबा आमच्याकडे ठेवावा असा आग्रह मित्राचाच. त्यांच्या सोसायटीत वीज स्थिर होती. आमच्याकडे मोटर होती.

रविवारी सकाळी तो यायचा, माझ्या आईच्या हातचे पोहे खायचा आणि दहाच्या आत सगळं जोडून बसायचा. मोटर लागली की सूर कसा आणि किती खाली बसतो यावर तो चाल रचायचा. कामाची आमची एक पद्धत होती, तीही त्याचीच. चांगला आवाज सापडला की लगेच टेप करायचा नाही. इडलीचं पीठ ठेवतात तसा तो तसाच ठेवायचा, डबा बंद करून, नॉब आणि वायरी जागच्या जागी. पुढच्या रविवारी पुन्हा चालू करायचा. तेव्हाही आवडला तरच टेप. त्याचं म्हणणं असं की सापडल्याच्या आनंदात माणसाला काहीही चांगलं वाटतं. आईलाही त्याने कधी काही ऐकवलं नव्हतं. एक तरी पूर्ण होऊ दे, मग तुला घेऊन जातो, असं तो त्यांना सांगायचा. रविवारी कसब्यात काय चालतं याची त्यांना एवढीच कल्पना होती, की कॉम्प्युटरचं काहीतरी आहे आणि मुलगा तिथून आनंदात परत येतो.

गणपती उठले त्याच्या पुढच्या रविवारी त्याला तो आवाज सापडला. मी त्या वेळी बाजूला बसून एक तुटलेली वायर जोडत होतो, त्यामुळे त्यातलं माझं काहीच नाही, सगळं त्याचं. खालून वर चढत जाणारे थोडे सूर, वरच्या सुरापाशी पोचता पोचता पाय घसरावा तशी अडखळ, मग पुन्हा खालून सुरुवात. दर वेळी अडखळ वेगळ्या जागी. मोटर लागली तेव्हा ते सगळंच्या सगळं हळूहळू खाली बसलं, थकून बसावं तसं, आणि खाली बसूनही चढत राहिलं. मी वायर खाली ठेवली. बाबा गॅलरीतून आत येऊन दारात उभे राहिले होते, आणि काहीही न बोलता परत गेले. आमच्या घरात ही मोठीच पावती होती.

मित्राने डबा बंद केला, वर एक टॉवेल टाकला आणि म्हणाला, “पुढच्या रविवारी आईला आणतो. आधी तिला ऐकवू, मग टेप करू.”

त्या आठवड्यात बुधवारी ऑफिसातून घरी जाताना एका डंपरने त्याला उडवलं. मी त्या दिवशी उशिरापर्यंत थांबणार होतो म्हणून त्याच्याबरोबर निघालो नव्हतो. एवढंच सांगतो. त्या रस्त्याबद्दल आणि दवाखान्याबद्दल मला लिहायचं नाही.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्या बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला मी गेलो. वंदना झाली, लोक बोलले, त्याच्या शाळेतल्या बाईंनी त्याच्या गणिताबद्दल सांगितलं. सगळे निघाल्यावर त्याच्या आईने, म्हणजे काकूंनी, मला थांबवून विचारलं, की तो मला काहीतरी ऐकवायला नेणार होता, ते काय होतं. मी सांगितलं. डब्यात साठवण नाही, पण नॉब आणि वायरी तो सोडून गेला तशाच आहेत, बटण चालू केलं की आवाज येईल, हेही सांगितलं. त्यांनी ते दोनदा विचारून समजून घेतलं, औषधाचा डोस पक्का करावा तसं. मग म्हणाल्या, की दसऱ्याला दरवर्षीप्रमाणे दीक्षाभूमीला जाऊन येते, यंदा त्याच्यासाठी जायचं आहे, आल्यावर तुमच्याकडे येते.

पुढे मला अनेकांनी विचारलं, की मधल्या दिवसांत टेप का करून ठेवली नाहीस. आमचा टेपरेकॉर्डर बुधवार पेठेत दुरुस्तीला पडला होता हे खरं आहे, पण दुसरा मिळाला असता. खरं कारण असं, की आधी आईला, मग टेप, हे त्याचं शेवटचं सांगणं होतं आणि मला त्यात काडीचाही बदल करायचा नव्हता. शिवाय नॉब जागेवर होते तोवर तो आवाज होताच. मला तो तिथे आहे हे पुरत होतं. ऑफिसातून आलो की मी त्या टॉवेलकडे बघायचो. घरात मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, की याला कुणीही हात लावायचा नाही. बाबा म्हणाले, की कुणाला हौस आहे.

खंडेनवमीचं मी विसरलो होतो. कंपनीत अमेरिकेच्या सुट्ट्या लक्षात ठेवाव्या लागायच्या, आपल्या सणांसाठी घरचे लोक होते. बाबांच्या कारखान्यात मात्र खंडेनवमी हा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. आदल्या दिवसापासून मशीन धुवायच्या, पुसायच्या, तेलपाणी करायचं. सकाळी प्रत्येक मशीनला झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. त्या दिवशी घरच्या लोकांना आत सोडायचे. लहानपणी मी बाबांचा लेथ त्याच दिवशी बघितला होता. त्यांनी मला उचलून त्याला कुंकू लावायला सांगितलं होतं आणि हा माझा मुलगा म्हणून शेजारच्या मशीनवाल्याला दाखवलं होतं. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे पूजायला स्कूटर, पक्कड-पाने आणि आईचं शिलाई मशीन एवढंच उरलं. ती पूजा ते दहा मिनिटांत उरकायचे आणि दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत.

त्या वर्षी मी संध्याकाळी ऑफिसातून आलो तेव्हा घरात उदबत्तीचा वास होता. बाबा बाहेरच्या खोलीत उभे होते, माझी वाट बघत. एवढे प्रसन्न ते कित्येक दिवसांत दिसले नव्हते.

डब्यावरचा टॉवेल धुऊन वाळत घातलेला होता. डब्याला हार होता. प्लायवूडला पॉलिश केलेलं होतं. सगळे नॉब ओढून काढून साबणाच्या पाण्यात धुऊन पुन्हा बसवले होते, आणि प्रत्येकाची पांढरी रेघ सरळ वर, एका ओळीत, एकही वाकडा नाही. वायरी उपसून, रंगाप्रमाणे वेगळ्या करून, गुंडाळून, रबर लावून शेजारी ठेवल्या होत्या. खोचायच्या प्रत्येक भोकातली धूळ बारीक ब्रशने काढलेली होती. दिवसभराचं काम होतं ते, आणि उत्तम काम होतं.

बाबांनी विचारलं, कसं दिसतंय.

मी खाली बसलो. आई स्वयंपाकघरातून आली, माझ्याकडे बघून तिला कळलं की काहीतरी बिनसलं आहे, आणि ती बाबांच्या बाजूने म्हणाली, “अरे, पूजेला कुणी हात लावणं म्हणतं का?” तिला खरंच तसं वाटत होतं. बाबांनाही तसंच वाटलं असणार. हात लावणं म्हणजे चाळा करणं, मोडणं. पूजा हा वेगळाच विषय.

मग मी त्यांना सांगितलं. मित्राचा आवाज कुठे होता आणि काकू कशासाठी येणार आहेत ते. बाबा ऐकत असताना त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद एकदम गेला नाही, हळूहळू गेला, आणि ते बघणं फार वाईट होतं. त्यांनी विचारलं, की परत तसंच लावता येणार नाही का. मी नाही म्हटलं. कुठे काही खुणा केल्या होत्या का? नाही.

“मशीन खोलायच्या आधी खडूने खुणा करायच्या, हे मी पोरांना शिकवायचो,” ते म्हणाले. “पण जॉब लागलेली मशीन कुणी बंद ठेवत नाही. हे बंद होतं. मला वाटलं, रिकामं आहे.”

कारखान्याच्या हिशोबाने त्यांचं बरोबर होतं. मशीनवर काम चढवलेलं असेल तर ती चालू असते, नाहीतर वर पाटी असते. बंद मशीन म्हणजे मोकळी मशीन, आणि मोकळ्या मशीनची खंडेनवमीला पूजा होते. मला त्यांचा राग आला, तो अजून पूर्ण गेलेला नाही, आणि राग येण्यासारखं त्यांनी काही केलं नव्हतं हेही मला तेव्हाच कळत होतं. असा राग फार वाईट. तो काढायला जागा नसते.

दसऱ्याचा अख्खा दिवस मी तो आवाज शोधण्यात घालवला. लोक आपट्याची पानं द्यायला येत होते, सोनं घ्या म्हणत होते, बाबा त्यांना बाहेरच्या बाहेर परतवत होते. आठवतील तशा वायरी मी खोचल्या, नॉब वळवले. सूर चढायचे, पण अडखळ दर वेळी एकाच जागी यायची. अडखळ जमली तर सूर वेगळेच असायचे. सकाळी मोटर लागली तेव्हा जे वाजत होतं ते खाली बसलं, पण नुसतंच खाली बसलं. संध्याकाळपर्यंत मला एवढं कळलं, की हे जमणार नाही.

काकू नागपूरहून परतल्यावर दोन दिवसांनी आल्या. पांढरी साडी, हातात कापडी पिशवी, तिच्यात आमच्यासाठी संत्र्याची बर्फी. आईने पाणी दिलं. त्यांना काय सांगायचं हे मी ठरवलं होतं. जवळपास पोचणारा एक आवाज मी लावून ठेवला होता. मूळचा त्यांनी ऐकलेला नव्हता, त्यांना फरक कळण्याचं कारण नव्हतं. मी बटणाकडे हात नेला तेव्हा बाबा उठून उभे राहिले.

ते म्हणाले, “ताई, तुमच्या मुलाचं काम माझ्या हातून पुसलं गेलं. हे दुसरं आहे.”

आणि त्यांनी सगळं सांगितलं, हार, साबणाचं पाणी, काही न वगळता. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी हात मागे घेतला. काकू खाली मान घालून ऐकत होत्या. डब्याच्या कोपऱ्यात कुंकवाचा एक ठिपका राहिला होता, तो त्यांनी बघितला. मग बाबांकडे बघून म्हणाल्या, “आमच्याकडे पूजा नसते. हे आमच्याकडे असतं, तर राहिलं असतं.”

आवाज चढलेला नव्हता. त्यांनी ते तब्येतीबद्दल सांगावं तसं सांगितलं. बाबा म्हणाले, “खरं आहे.” आई आत निघून गेली. खालून पाण्याच्या बादल्यांचा आवाज तेवढा येत राहिला.

जाताना त्यांनी डबा मागितला. मी नेऊ का, असं सुद्धा नाही, मी हे नेते, असं. बाबांनी आणि मी तो रिक्षात चढवला. मी बरोबर गेलो, त्यांच्याकडे मित्राच्या टेबलावर तो ठेवला, जोडून दिला, कुठलं बटण कशाचं ते दाखवलं. त्यांना वाटेल तेव्हा त्याकडे बघता यावं म्हणून त्यांनी तो नेला, असा माझा समज होता. बाबांनी त्यानंतर खंडेनवमीची पूजा केली नाही. स्कूटरचीही नाही. आईने एकदोनदा आठवण केली, मग तिनेही सोडून दिलं.

महिनाभराने काकूंचा फोन आला, की रविवारी ये, एक ऐकायचं आहे. मी गेलो. त्यांनी वायरी खोचल्या होत्या. चष्मा लावून, सलाइनचा थेंब लावावा तसा एकेक नॉब बारीक फिरवत त्या बसल्या होत्या. डब्यातून एक भुणभुण येत होती, मध्ये मध्ये तुटणारी. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “हा का?”

मी नाही म्हटलं. मला आधी कळलंच नाही की त्या काय करत आहेत. त्यांनी शांतपणे सांगितलं, की तू म्हणालास, नॉब आणि वायरी एवढाच त्याचा पत्ता आहे. नॉब आहेत, वायरी आहेत, मलाही काही काम नाही. मी रोज शोधते. सापडला तरी मला कळणार नाही, मी ऐकलेला नाही. तुला कळेल. तू रविवारी येत जा.

मी त्यांना समजवायचा प्रयत्न केला. किती जुळण्या होतात, ते सांगितलं. तुमच्या सोसायटीत वीज स्थिर आहे, मोटर लागल्यावर सूर खाली बसायचा ते इथे होणारच नाही, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, की तेवढं मी मनात धरीन, बाकीचं तर येऊ दे.

म्हणून मी रविवारी विश्रांतवाडीला जायला लागलो. त्या आवाज लावायच्या आणि विचारायच्या, हा का. मी नाही म्हणायचो. कधी म्हणायचो, की अडखळ थोडी वर हवी, सूर जरा जाड हवा. त्या मान डोलवायच्या. त्यांचा हात हळूहळू बसला. त्यांच्या हातून कधी कधी असे आवाज निघायचे की मित्र असता तर त्याने टॉवेल टाकून ठेवले असते. पण त्यांना चांगला आवाज नको होता, त्याचा हवा होता. एकदा मी एका आवाजाची तारीफ केली, तर त्यांनी तो लगेच मोडून टाकला आणि म्हणाल्या, की माझं कौतुक ऐकायला नाही बोलावलं तुला. असं वर्षभर, कदाचित जास्तच, चाललं. मधल्या काळात सन दोन हजार येऊन गेलं, कुठलेही कॉम्प्युटर कोसळले नाहीत, आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांना कंपनीने घरी पाठवलं. मला दुसरी नोकरी मिळाली. तिथे कुणाला मित्र माहीत नव्हता. रविवार सोडले तर त्याचं नाव घ्यायला मला कुणी उरलं नव्हतं.

उन्हाळ्यातला एक रविवार होता. खिडकीला ओला पडदा लावलेला होता. काकूंनी बटण चालू केलं. सूर खालून चढायला लागले, वरच्या सुरापाशी पोचताना घसरले, पुन्हा खालून सुरू झाले. दुसऱ्या वेळी अडखळ वेगळ्या जागी आली. तिसऱ्या वेळी आणखी वेगळ्या.

“हा का?” काकूंनी विचारलं.

असाच होता तो. किंवा असा नव्हता. मी डोळे मिटले आणि आमच्या खोलीत, त्या रविवारी जे वाजलं होतं ते कानाशी आणायचा प्रयत्न केला. तिथे काकूंचेच आवाज येत होते, इतक्या रविवारचे, एकावर एक. माझ्याकडे राहिलं होतं ते फक्त वर्णन, मी लोकांना इतक्या वेळा सांगितलेलं. खालून चढतो, घसरतो, दर वेळी वेगळ्या जागी. ते वर्णन या आवाजाला लागू होतं. ते आधीच्या कितीतरी आवाजांनाही लागू झालं असतं. ज्यांना मी नाही म्हटलं होतं त्यांतला एखादा तोच होता का, हेही मला आता सांगता येणार नव्हतं.

काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. दवाखान्यात आयुष्य काढलेल्या बाईला चेहरा वाचता येतो. त्यांनी वाट बघितली, मग हात पुढे करून बटण बंद केलं.

“तुलाही आठवत नाही आता,” त्या म्हणाल्या.

“नाही, काकू.”

“म्हणजे आता तो कुणाकडेच नाही.”

मित्र गेला तेव्हा दवाखान्यात, आणि नंतर कार्यक्रमातही, मी रडलो नव्हतो. कुणाला आणायचं, कुणाला कळवायचं, यात ते राहून गेलं होतं. त्या दुपारी मी त्याच्या टेबलापाशी बसून रडलो. काकू रडल्या नाहीत. त्या उठल्या, स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी कुकर लावला, आणि आतूनच मला जेवून जायला सांगितलं.